नेपाळ यात्रेत देशच बंद पडला तर: खान्देशातून निघणाऱ्या मंडळींसाठी

भुसावळहून गोरखपूरला थेट गाडी आहे, व्हिसा लागत नाही, हिंदी बहुतेक ठिकाणी समजते. त्यामुळे आपल्याकडची माणसे नेपाळला परदेश मानतच नाहीत. शेगावला निघावे तसे पिशवी उचलून पशुपतिनाथ-मुक्तिनाथला निघतात. देश चालू असेतोवर त्यात काही बिघडत नाही. बंद पडला की मात्र सीमा, परकी नोट, परके सिमकार्ड, परका कायदा हे सगळे एकाच सकाळी समोर येऊन उभे राहते.

सप्टेंबर २०२५ मध्ये तसेच झाले. ४ तारखेला तिथल्या सरकारने नोंदणी न केलेल्या २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. ८ तारखेला तरुण पोरे रस्त्यावर उतरली आणि त्या एका दिवसात १९ जण गेले. ९ तारखेला पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला, संसद आणि सिंहदरबार, म्हणजे तिथले सरकारी सचिवालय, पेटले, काठमांडूचा त्रिभुवन विमानतळ बंद झाला आणि रात्री लष्कर रस्त्यावर आले. आमचे यात्रा मंडळ तेव्हा पोखऱ्यात होते. पितृपक्ष नुकताच लागलेला, बसमधली निम्मी माणसे साठीच्या पुढची. "आते काय करानं, भाऊ?" हा एकच प्रश्न घडीघडीला कुणीतरी विचारायचे. त्याचेच उत्तर पुढे क्रमाने देतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या दोन दिवसांत सीमेकडे पळत सुटणे हा सगळ्यात वाईट उपाय आहे, आणि सगळ्यांना आधी तोच सुचतो.

१. बंद कोणता आहे ते ओळखा

पक्षांनी पुकारलेला बंद नेपाळात नवा नाही. तो बहुधा आधी जाहीर होतो. गाड्या थांबतात, दुकानांची शटरे अर्धी खाली येतात, पायी जाणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही, संध्याकाळी बाजार हळूहळू उघडतो. असा बंद असेल तर लॉजवर बसून हरिपाठ म्हणा आणि दुसऱ्या दिवशी निघा. त्यासाठी पुढचे काही वाचायची गरज नाही.

कर्फ्यूचे तसे नाही. त्यात पायीसुद्धा बाहेर पडायचे नसते. मधे सकाळ-संध्याकाळ काही तास संचारबंदी शिथिल करतात. त्या वेळा रोज बदलू शकतात आणि जिल्ह्यागणिक निराळ्या असतात. जिल्ह्याचा आदेश प्रमुख जिल्हा अधिकारी काढतात, म्हणजे आपल्याकडचे कलेक्टरच समजा. काठमांडूत सूट मिळाल्याची बातमी ऐकून पोखऱ्यात बाहेर पडू नका.

इथे एक बारीक खोडा आहे. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. आजोबांच्या मनगटावर भुसावळची वेळ असते, शिपायाच्या मनगटावर नेपाळची. सूट पाचला संपणार असेल तर आपल्या घड्याळात पावणेपाचलाच आत यायचे.

मतदानाचा बंद लोकांच्या लक्षातच येत नाही. नेपाळात मतदानाच्या दिवशी पासशिवाय गाड्या रस्त्यावर येऊ देत नाहीत आणि सीमा त्याआधीच बंद करतात. उत्तर प्रदेश-बिहारच्या निवडणुकीत आपल्या बाजूनेही नाके बंद होतात. हे महिनाभर आधी कळते, तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी दोन्हीकडच्या तारखा बघा.

२. सोबतचे कागद

- पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, मूळ प्रत. दोन्ही असतील तर दोन्ही.
- त्याच्या दोन झेरॉक्स, मूळ कागदापासून वेगळ्या पिशवीत.
- मंडळाची यादी: नाव, वय, गाव, ओळखपत्राचा क्रमांक, आजार, रक्तगट, घरचा फोन.
- डॉक्टरांची चिठ्ठी. गोळीचे कंपनीचे नाव तिथे मिळेलच असे नाही, म्हणून आतल्या औषधाचे नाव लिहून घ्या.
- बसची कागदपत्रे आणि भन्सारची, म्हणजे तिथल्या कस्टमची, पावती.
- प्रवास विमा काढला असेल तर पॉलिसी छापील.

आधार कार्डाबद्दल नीट ऐका. रस्त्याने जाताना नाक्यावर आधार दाखवून बहुतेक जण पार होतात, त्यामुळे पुष्कळजण तेवढेच घेऊन निघतात. पण विमानात १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधारवर घेत नाहीत. त्याला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागते. रस्ते बंद झाले आणि विमानच उरले, की नेमका मंडळातला धडधाकट चाळिशीचा माणूस मागे राहतो आणि सत्तरीच्या नानांना आधारवर बसायला मिळते. येताना-जाताना दोन्ही वेळा बस असली तरी निवडणूक ओळखपत्र घेतल्याशिवाय कुणाला गाडीत बसवू नका.

कागद हरवलेच तर काठमांडूत लैनचौर भागात भारतीय दूतावास आहे. तिथे परतीसाठी तात्पुरता दाखला मिळू शकतो. वीरगंजलाही भारतीय वाणिज्य दूतावास आहे. अशा वेळी झेरॉक्स कामी येते.

३. पैसे

भारतीय १०० रुपयांना नेपाळी १६०, हा दर ठरलेला आहे. यापेक्षा कमी देणारा तुमची अडचण विकत घेतोय, एवढे समजून घ्या. थोडेफार कमी दिले तर अडल्या वेळी वाद घालू नका, निम्म्यावर आणले तर मात्र दुसरे दुकान गाठा.

मार्च २०२४ पासून तिथल्या फोनपे (Fonepay) या नेपाळी कंपनीच्या, आपल्याकडच्या फोनपेच्या नव्हे, क्यूआरवर आपले यूपीआय चालते. त्यावर विसंबून लोक रोकड कमी नेतात. इंटरनेट गेले की तो क्यूआर म्हणजे भिंतीवरचा नुसता कागद. किमान चार-पाच दिवसांचा राहण्या-जेवणाचा खर्च भागेल एवढी रोकड माणशी हवीच, आणि ती एकाच्या कमरेला नको, तीन-चार जणांत वाटलेली हवी. भारतीय नोटा शंभराच्या घ्या. त्यावरच्या नोटांवर तिथे बरीच वर्षे बंधन होते आणि नियम बदलत राहतात, म्हणून निघायच्या आठवड्यात एकदा बँकेत विचारा. डेबिट कार्ड परदेशी वापरासाठी इथूनच चालू करून घ्या. तिथे नेट नसताना ते होत नाही.

शनिवारी तिथे सुट्टी असते. शुक्रवारी बंद उठला आणि तुम्ही निवांत राहिलात, तर बँक पुन्हा उघडेपर्यंत अडकाल.

४. फोन आणि नेट

२०२५ मध्ये बंदी घातलेल्या त्या २६ समाजमाध्यमांत व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब सगळे होते. व्हायबर आणि टिकटॉकने नोंदणी केली होती म्हणून ते वाचले. ८ तारखेच्या रात्री बंदी उठवली, तोवर घरचे हवालदिल व्हायचे ते झालेच. त्याआधी जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात याहून कडक प्रकार झाला. १८ तारखेला साऱ्या देशाचे इंटरनेटच तोडले आणि मोबाइलवरचे नेट परत यायला दहाएक दिवस गेले. तिथे शिकणारी आपल्याकडची हजारो मुले कर्फ्यूतून वाट काढत सीमेवर आली.

यावरून तयारी अशी करा. मंडळात किमान दोघांकडे तिथले सिमकार्ड हवे, एक एनसेलचे आणि एक नेपाळ टेलिकॉमचे. ओळखपत्र आणि फोटो दिला की मिळते. एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची असते. साधा कॉल आणि एसएमएस नेटशिवाय चालतात, म्हणून नंबर फोनमध्ये तर ठेवाच, कागदावरही लिहा: घरचे, बसचालकाचे, लॉजचे, दूतावासाचे. दूतावासाचे आपत्कालीन नंबर निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. त्यात बदल होतो, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरत आलेला नंबर घेऊ नका. तिथले पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, पर्यटक पोलीस ११४४.

नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. पोरगा सोबत असेल तर दोन मिनिटांचे काम आहे.

५. पहिले दोन दिवस: जिथे आहात तिथेच

मंडळ चालवणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. लोक घाबरलेले असतात, प्रत्येकाला घरून फोन येत असतो आणि प्रत्येकाच्या जावयाने टीव्हीवर काहीतरी पाहिलेले असते. एकाने ठरवायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, हे गाव सोडतानाच ठरलेले असावे. तिथे गेल्यावर निवडणूक घेऊ नका.

आधी जागा बघा. लॉज सरकारी कचेरी, पोलीस चौकी, पक्षाचे कार्यालय किंवा पुढाऱ्याच्या घराजवळ असेल तर कर्फ्यू शिथिल होताच पायी जाता येईल एवढ्या अंतरावर दुसरीकडे हला. मोठे हॉटेल म्हणजे सुरक्षित, असा आपला समज असतो. ९ सप्टेंबरला काठमांडूतले हिल्टन जळाले. गल्लीतली साधी धर्मशाळा, खालचा मजला आणि मागच्या बाजूने दुसरे दार असेल, तर मी तीच घेईन.

मग मालकाशी बोला. किती दिवसांचे पाणी आहे, गॅस आहे का, जनरेटर आहे का, जादा दिवसांचे भाडे काय. भाडे त्याच वेळी ठरवून कागदावर घ्या. तिसऱ्या दिवशी ठरवायला गेलात तर दुप्पट ऐकाल.

सूट मिळाली की दोघांनीच बाजारात जावे. आधी पिण्याच्या पाण्याचे जार, मग औषधे, मग भाजी. मंडळासोबत आचारी आणि बसमध्ये पीठ-डाळ-तांदूळ असेल तर निम्मी काळजी मिटते. आपल्या यात्रांची ही जुनी पद्धत चांगली आहे, हॉटेलात जेवणाच्या पॅकेजच्या नादाने ती मोडू नका. माणशी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि केळीचे वेफर एवढे वेगळे बांधून ठेवा, ते शेवटपर्यंत उघडायचे नाही. कुणीतरी भरिताची वांगी घेतलेलीच असतात. ती पहिल्याच रात्री संपवा.

बीपी-शुगरच्या गोळ्या यात्रेच्या दिवसांपेक्षा दहा दिवस जास्त घ्यायच्या, हे घरून निघताना प्रत्येकाची पिशवी उघडून तपासा. "आहे रे बाबा" या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

आता काय करू नये ते. मोर्चा बघायला रस्त्यावर किंवा गच्चीवर जायचे नाही, व्हिडिओ काढायचा नाही. दोन्ही बाजूंना कॅमेरा आवडत नाही. आणि राजकारण बोलायचे नाही. २०१५-१६ मध्ये सीमेवर माल अडून राहिला होता. गॅस आणि पेट्रोलवाचून काढलेला तो हिवाळा तिथला माणूस विसरलेला नाही. त्याच्या दुकानात बसून भारत-नेपाळ वादावर मत मांडणारा जिभाऊ प्रत्येक मंडळात एक असतोच. त्याला आचाऱ्याच्या हाताखाली द्या.

मुक्तिनाथला असताना बातमी आली तर मात्र "जिथे आहात तिथेच" हा नियम लागू नाही. ते ठिकाण सुमारे ३,७०० मीटरवर आहे. म्हाताऱ्या माणसांना तिथे रात्रीमागून रात्री काढायला लावू नका. रस्ता चालू असेपर्यंत जोमसोमला, जमल्यास आणखी खाली उतरा. जोमसोमहून पोखऱ्याची विमाने सकाळीच उडतात, नंतर वारा सुटतो; दुपारी विमानाच्या आशेवर थांबण्यात अर्थ नाही.

६. विमानाने परतणार असाल तर

विमानतळ उघडल्याची बातमी आणि तुमचे विमान उडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५ मध्ये विमानतळ दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी उघडला, पण आधीच्या रद्द विमानांची माणसे पुढे होती. कंपनीचा संदेश आल्याशिवाय निघू नका, आणि तिकीट स्वतः रद्द करू नका. कंपनीने उड्डाण रद्द केले तर तारीख बदलून मिळते किंवा पैसे परत मिळतात. तुम्ही केले तर कापून घेतात.

विमानतळापर्यंत जायचे कसे, हा मोठा प्रश्न. छापील तिकीट आणि ओळखपत्र हातात असेल तर कर्फ्यूतही प्रवाशांना सोडतात, म्हणून मोबाइलमधल्या तिकिटावर राहू नका, लॉजवर छापून घ्या. साध्या बंदमध्ये पर्यटकांसाठी पाटी लावलेली बस कधी कधी सोडतात. पर्यटक पोलिसांना विचारा. टॅक्सीवाला पाचपट मागेल. माझा उपाय असा: विमानाच्या आदल्या दिवशी सूट असताना पशुपतिनाथाजवळ गौशाला भागात मुक्काम हलवा. तिथून विमानतळ पायी गाठता येतो. ठमेलमध्ये, म्हणजे पर्यटकांच्या नेहमीच्या वस्तीत, राहिलात तर सहा किलोमीटर बॅगा ओढाव्या लागतील.

७. बस घेऊन गेला असाल तर

भारतीय गाडीला भन्सारमध्ये दिवसांप्रमाणे पैसे भरून परवाना मिळतो. लोक नेमके तेवढ्याच दिवसांचे पैसे भरतात. बंदमध्ये मुदत उलटली की दंड. जाताना तीन-चार दिवस जास्तीचे भरा, चाळीस माणसांत वाटले तर चहाचे पैसे होतात. तरीही मुदत संपायला आलीच तर ती संपण्यापूर्वी जवळच्या भन्सार कार्यालयात किंवा ऑनलाइन वाढवून घ्या, आणि कार्यालय बंद असेल तर त्याचा फोटो तारखेसह काढून ठेवा.

डिझेलची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही.

बंद उठतो त्या रात्रीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. सगळ्या अडलेल्या गाड्या एकदम सुटतात. चालकाला पुढचे भाडे गाठायचे असते, प्रवाशांना घर. मग घाटात रात्री ओव्हरटेक सुरू होतात. पावसाळा संपत आलेला असतो, दरड कुठे बसली आहे ते दिवसासुद्धा कळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांग्दी नदीत बस कोसळून आपल्या वरणगाव-भुसावळकडची वीसहून जास्त माणसे गेली. तो अपघात तर दिवसाढवळ्या झाला होता आणि तेव्हा कुठला बंदही नव्हता. त्यामुळे माझी अट साधी आहे: बंद उठला तरी त्या रात्री हलायचे नाही. सकाळी उजेड पडल्यावर, चालकाची झोप झाल्यावर, पुढून येणाऱ्या गाडीवाल्याला रस्ता विचारून निघायचे.

८. सीमा ओलांडताना

पोखऱ्याहून सोनौली, काठमांडूहून रक्सौल, नेपाळगंजकडून रुपईडिहा, हे आपल्या सोयीचे नाके. निघण्यापूर्वी नाका चालू आहे का ते दूतावासाला किंवा नाक्यावरच्या ओळखीच्या लॉजवाल्याला फोन करून विचारा. भैरहवा-वीरगंज ही सीमेजवळची गावे स्वतःच कर्फ्यूत असू शकतात. रात्री नाक्यावर पोहोचून उघड्यावर बसण्यापेक्षा आधीच्या गावात मुक्काम करून सकाळी पोहोचा.

२०२५ मध्ये मालाच्या गाड्या अडल्या होत्या, पण ओळखपत्र दाखवून भारतीय माणसांना परत येऊ देत होते. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात. त्यांना मंडळाची यादी दिली की काम लवकर होते. बस अडली तर माणसे पायी पार करा, बस चालकासह सुरक्षित जागी ठेवून मागून आणा. "पलीकडे नेऊन सोडतो" म्हणत आडवाटेने नेणारे दलाल तिथे भेटतील. त्यांच्यासोबत अजिबात जाऊ नका. उघड्या नाक्यावरून आलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. शेतातून आलेल्याला विचारतात.

९. गावाकडे एक माणूस नेमून ठेवा

हे काम सगळे विसरतात, आणि खरे तर अर्धी लढाई तोच माणूस लढतो. त्याच्याकडे नेट असते, तुमच्याकडे नसते. घरी राहणारा एक शहाणा, फोन उचलणारा माणूस निवडा. मंडळाची यादी, तिकिटांचे क्रमांक आणि रेल्वेच्या तिकीट खात्याचा पासवर्ड त्याच्याकडे ठेवा.

त्याची कामे: यादी कलेक्टर कचेरीतल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला आणि खासदारांच्या कार्यालयात देणे. दूतावासाला ईमेल करणे. तुमच्याकडून रोज ठरल्या वेळी एक एसएमएस घेणे, "सगळे ठीक, पोखरा", एवढाच, आणि तो घरोघर कळवणे. नाहीतर चाळीस घरांतून चाळीस फोन येतात आणि तुमची बॅटरी दुपारीच संपते.

परतीची रेल्वे चुकणार हे दिसताच त्यानेच तिकिटे रद्द करायची. चार्ट लागल्यावर रद्द करायला गेलात तर हाती काही पडत नाही. गोरखपूरहून चाळीस जणांना एका गाडीत जागा मिळेल, ही आशाही त्याने सोडून द्यावी. आजारी आणि म्हातारी माणसे पहिल्या मिळेल त्या आरक्षणात, सोबत दोन तरुण. बाकीचे पुढच्या गाड्यांनी. भुसावळमार्गे जाणाऱ्या कुशीनगर आणि काशी या दोन्ही गाड्या बघायच्या.

विम्याचा दावा करायचा असेल तर जादा मुक्कामाची बिले, रद्द विमानाचा संदेश आणि कर्फ्यूच्या आदेशाचा फोटो लागतो. दंगल-बंदमुळे झालेला खर्च पुष्कळ पॉलिसींत धरत नाहीत, त्यामुळे पॉलिसी घेतानाच एजंटला तेवढी ओळ बोट ठेवून दाखवायला सांगा.